पेशव्यांचा गेंडा आणि साडेसहा हजार रुपये

पोस्ट मोठी आहे, पण शाळेची स्मरणिका, गणेश मंडळाचा अहवाल, गावाचा इतिहास, दिवाळी अंक यातलं काहीही तुम्ही कधी छापत असाल तर वाचाच. पैसे वाचतील. आणि पैशांपेक्षा मोठी एक गोष्टही आहे, ती शेवटी सांगतो.

दोन वर्षांपूर्वी पर्वतीच्या परिसरातल्या एका शाळेच्या स्मरणिकेच्या समितीत मी होतो. शाळा जुनी, माजी विद्यार्थी हौशी. कुणीतरी सुचवलं की पहिल्या पानांवर परिसराचा इतिहास द्यावा. पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता, म्हणजे वाघ, सिंह, गेंडा असे प्राणी बाळगण्याची जागा. तिथल्या गेंड्याचं त्या काळातच काढलेलं चित्र इंटरनेटवर आहे, हेही त्यानेच दाखवलं. सगळ्यांना चित्र एकदम आवडलं. पण सापडलेली फाइल पोस्टाच्या तिकिटाएवढी, वर चित्रं विकणाऱ्या एका परदेशी कंपनीचा आडवा शिक्का. बिनशिक्क्याची फाइल हवी तर पैसे भरा. आमच्या खजिनदाराने कुरकुरत साडेसहा हजार रुपये भरले. वर अट अशी की एवढ्याच प्रती, एकदाच, आणि याच पुस्तकात.

स्मरणिका छापून झाली, वाटून झाली. त्यानंतर महिन्याभराने तेच चित्र मला दुसरीकडे सापडलं. पानभर छापलं तरी फुटणार नाही एवढी मोठी फाइल, शिक्का नाही, आणि खाली दोन शब्द लिहिलेले: 'पब्लिक डोमेन'. किंमत शून्य. ज्या संस्थेकडे मूळ कागद आहे, तिनेच ते फुकट ठेवलं होतं. म्हणजे ज्याच्या घरात चित्र आहे तो पैसे मागत नव्हता, आणि ज्याच्याकडे फक्त फोटो आहे त्याने आमच्याकडून पैसे घेतले.

चूक आमची होती. आम्ही शोधलंच नव्हतं. म्हणून नीट शोधायला बसलो, आणि त्यातून जो इतिहास हाती लागला तो सांगतो.

हे चित्र काढणारा माणूस आपल्या पुण्यातला. गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट. १७८६ पासून पुण्यात इंग्रजांचा वकील म्हणून चार्ल्स मॅलेट राहत होता. आपल्या बखरी-कागदपत्रांत त्याला 'मालीट' म्हणतात. या मॅलेटला प्राण्यांची, लेण्यांची, देवळांची भारी हौस. त्याने गंगारामला हाताशी धरलं. गंगारामने शिकारखान्यातले प्राणी काढले, पर्वती काढली, वेरूळची लेणी काढली. पुढे १७९१ च्या सुमाराला जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार मुंबईत आला आणि मग पुण्याला. सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांची जी चित्रं आपण शाळेच्या पुस्तकापासून बघत आलो, त्यांच्या मुळाशी हाच वेल्स आहे. मॅलेट आणि वेल्स यांच्या खटपटीने खुद्द शनिवारवाड्यात एक चित्रशाळा सुरू झाली. तिथे पुण्यातल्या मुलांना युरोपीय पद्धतीने चित्रं काढायला शिकवलं जाई. ती फार दिवस चालली नाही. १७९५ साली सवाई माधवराव गेले, त्याच वर्षी वेल्सही गेला. थोड्या वर्षांनी मॅलेट मायदेशी परतला आणि गंगारामची चित्रं त्याच्या सामानातून विलायतेला गेली.

मधल्या काळात इथे काय झालं ते आपल्याला माहीत आहेच. पेशवाई गेली. १८२८ साली शनिवारवाडा जळाला. शिकारखाना उरला नाही. म्हणजे त्या पुण्याचं डोळ्यांनी बघून काढलेलं जे काही शिल्लक आहे, त्यातला मोठा वाटा पुण्यात नाहीच. पॉल मेलन नावाच्या अमेरिकन श्रीमंताने ब्रिटिश चित्रांचा प्रचंड संग्रह केला आणि तो येल विद्यापीठाला दिला. त्यासाठी न्यू हेवन शहरात 'येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्ट' ही इमारत १९७७ साली लोकांसाठी उघडली. आपला गंगाराम तांबट आज त्या इमारतीत आहे. कसबा पेठेतल्या तांबट आळीतून रोज जाणाऱ्या किती जणांना या तांबटाचं नाव माहीत असेल?

आता प्रश्न असा, की परक्या देशातल्या या इमारतीने चित्र फुकट का दिलं?

पूर्वी कुणीच देत नव्हतं. चित्र दोनशे वर्षं जुनं असलं तरी संग्रहालयं म्हणायची, चित्र जुनं आहे हे खरं, पण त्याचा फोटो आम्ही काढला, फोटोवर आमचा हक्क आहे. या म्हणण्याला पहिला मोठा धक्का १९९९ साली न्यूयॉर्कच्या कोर्टात बसला. ब्रिजमन नावाची चित्रांच्या फोटोंचा व्यवसाय करणारी ब्रिटिश कंपनी आणि कोरेल ही सॉफ्टवेअर कंपनी यांच्यातला तो खटला. कोर्टाने सांगितलं की सपाट चित्राचा जसाच्या तसा फोटो काढण्यात कौशल्य असेल, मेहनतही असेल, पण नवनिर्मिती नाही. आणि नवनिर्मिती नाही तर नवा कॉपीराइटही नाही. युरोपीय संघाने २०१९ च्या कायद्यात हेच तत्त्व घातलं. इंग्लंडच्या अपील कोर्टानेही २०२३ साली एका निकालात नवनिर्मितीची कसोटी अशीच कडक धरली.

पण कोर्टाचा धाक हे एकच कारण नव्हतं. ॲमस्टरडॅमच्या रायक्सम्युझियमची गोष्ट फार बोलकी आहे. व्हर्मीरचं दूध ओतणाऱ्या बाईचं प्रसिद्ध चित्र त्यांच्याकडे आहे. संग्रहालयाने चांगली फाइल दिली नव्हती, म्हणून लोकांनी मिळेल तिथून वाईट फोटो काढून इंटरनेटवर टाकले. त्यांतल्या अनेकांत बाई पिवळीधमक झालेली. शेवटी अशी वेळ आली की संग्रहालयाच्या दुकानातलं खऱ्या रंगांचं पोस्टकार्ड बघून लोक म्हणायला लागले, हे चित्र खरं वाटत नाही! तेव्हा त्यांना कळलं की खरं चित्र कुलपात ठेवल्याने खोटं थांबत नाही, उलट खोट्याला मोकळं रान मिळतं. मग त्यांनी उत्तम प्रतीच्या फाइल्स जगाला देऊन टाकल्या.

त्यानंतर रांगच लागली. येलने २०११ साली अडीच लाख चित्रांच्या फाइल्स मोकळ्या केल्या. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने, ज्याला सगळे 'मेट' म्हणतात, ७ फेब्रुवारी २०१७ ला पावणेचार लाख. क्लीव्हलँडच्या संग्रहालयाने २०१९ मध्ये. स्मिथसोनियनने फेब्रुवारी २०२० मध्ये २८ लाख. यातल्या बहुतेकांनी 'सीसी झिरो' अशी खूण वापरली आहे. तिचा अर्थ: छापा, विका, मगवर लावा, कापा, जोडा, आमची परवानगी मागू नका.

सगळे असे उदार नाहीत, हेही सांगायला हवं. याच मॅलेटचं एक भलंमोठं चित्र आहे. १७९० च्या तहाच्या वेळचा पेशव्यांचा दरबार, ज्यात सवाई माधवराव, नाना आणि सगळे मानकरी दिसतात. वेल्सने त्याची तयारी केली, तो गेल्यावर थॉमस डॅनियलने १८०५ मध्ये ते पुरं केलं. ते लंडनच्या टेट संग्रहालयात आहे आणि तिथल्या फाइल्स सरसकट मोकळ्या नाहीत, व्यापारी वापराला परवाना घ्यावा लागतो. ब्रिटिश म्युझियमही फाइल देतं, पण 'व्यापारी वापर नको' या अटीवर. शिवाजी महाराजांचं १६८० च्या दशकातलं मानलं जाणारं प्रसिद्ध चित्र तिथेच आहे. १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी पुण्यात काढलेल्या चित्रशाळा प्रेसची रंगीत चित्रंही तिथे आहेत. आता सांगा, स्मरणिकेत गावातल्या सराफाची जाहिरात असेल तर तो व्यापारी वापर होतो की नाही? या प्रश्नात अडकण्यापेक्षा मोकळ्या संग्रहालयात आधी शोधलेलं बरं.

एकाच दरबाराभोवतीची, एकाच माणसाच्या पदरी झालेली ही चित्रं. एक समुद्रापलीकडे मोकळं, दुसरं समुद्रापलीकडेच अटींमध्ये. फरक चित्राच्या वयाचा नाही, सांभाळणाऱ्याच्या धोरणाचा आहे.

आता आपला कायदा. भारतात १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. चित्रकार गेल्यानंतर ६० वर्षं हक्क राहतो, आणि मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून. आधी ही मुदत ५० वर्षं होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ साली गेले, त्यांच्या लेखनावरचा हक्क १९९१ अखेर संपत होता, तेव्हा मुदत वाढवून ६० केली गेली. काही उदाहरणं घेऊ. राजा रविवर्मा १९०६ साली गेले, म्हणजे त्यांची चित्रं कधीचीच मोकळी. लोणावळ्याजवळ मळवलीला त्यांच्या प्रेसमध्ये छापलेले देवादिकांचे कागद आज मेटच्या संग्रहात आहेत. धुरंधर १९४४ साली गेले, त्यांची चित्रं २००५ पासून मोकळी. पण दीनानाथ दलाल १९७१ साली गेले, त्यामुळे त्यांची चित्रं २०३१ संपेपर्यंत हक्काखाली आहेत. जुन्या दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ 'जुनंच तर आहे' म्हणून उचलून छापणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. जुनं दिसणं आणि मोकळं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि फोटोवरच्या फोटोचं काय? संग्रहालयांच्या फाइल्सबद्दल थेट नाही, पण कायद्याच्या पुस्तकांबद्दल आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात डिसेंबर २००७ मध्ये सांगितलं की नुसत्या मेहनतीने कॉपीराइट मिळत नाही, थोडी तरी स्वतःची निर्मिती हवी. तत्त्व तेच. मूर्तीचा किंवा शिल्पाचा फोटो मात्र वेगळा. तिथे कोन, उजेड, सावली फोटोग्राफर ठरवतो. त्यामुळे मूर्ती हजार वर्षांची असली तरी फोटोवर फोटोग्राफरचा हक्क असू शकतो. तिथे फाइलखालची खूण बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

शोधायचं कसं, ते आमच्या फजितीतून शिकलेलं सांगतो.

एक. गुगलच्या चित्रांवर सुरुवात करू नका, थेट संग्रहालयाच्या संकेतस्थळावर जा. येल, मेट, क्लीव्हलँड, रायक्सम्युझियम ही चार मराठी माणसाला पुष्कळ झाली.

दोन. साहेबाच्या स्पेलिंगने शोधा. 'पुणे' टाकलंत तर हाताला काही लागणार नाही, 'पूना' टाका. मराठाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये मधे एक जादा 'एच' घालून बघा. ठाण्याला 'टन्ना', वसईला 'बसीन', साताऱ्याला दोन 'टी'. वेरूळ तर 'एलोरा'च, आणि तेही कधी एका 'एल'ने, कधी दोन. जुन्या नोंदी करणाऱ्या कारकुनाने जे ऐकलं तेच लिहिलं आहे.

तीन. शोधाच्या बाजूला 'ओपन ॲक्सेस' किंवा 'पब्लिक डोमेन' अशी चौकट असते. तिच्यावर टिचकी मारली की मोकळी चित्रं तेवढी उरतात.

चार. चित्राच्या पानावर 'राइट्स' म्हणून ओळ असते, ती वाचा. त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. उद्या कुणी विक्रेता पैशांची नोटीस पाठवेल तर हाच कागद कामाला येतो.

पाच. सर्वांत मोठी फाइल उतरवा. छापखान्याला इंचाला ३०० ठिपके लागतात. आठ इंच रुंद छापायचं तर फाइल किमान २४०० ठिपके रुंद हवी. व्हॉट्सॲपवरून फाइल पाठवू नका, ती आकसते. मेलने पाठवा.

सहा. संग्रह क्रमांक टिपून घ्या आणि चित्राखाली लिहा: चित्रकाराचं नाव, साल, संग्रहालय, क्रमांक. कायद्याने याची सक्ती नाही. पण याशिवाय पुढच्या माणसाला मूळ चित्र सापडणार कसं?

या सहाव्या मुद्द्यावर जरा थांबतो, कारण सुरुवातीला म्हटलेली मोठी गोष्ट इथेच आहे.

आमच्या स्मरणिकेत साडेसहा हजारांच्या गेंड्याखाली काय छापलं होतं माहीत आहे? 'पेशवेकालीन गेंडा, इंग्रज चित्रकाराने काढलेला.' विकणाऱ्या कंपनीच्या पानावर चित्रकाराच्या जागी फक्त 'भारतीय शैली' असं काहीतरी होतं. आम्हाला वाटलं, एवढं सफाईदार आहे तर कुणा साहेबाचंच असणार. येलच्या नोंदीत मात्र नाव लिहिलेलं आहे: गंगाराम तांबट. म्हणजे पैसे भरून आम्ही एका पुणेकराचं नाव त्याच्याच गावात पुसून टाकलं. आठशे घरांत ती स्मरणिका गेली. तिथे तो गेंडा आता साहेबाचा आहे. पैसे गेले त्याची हळहळ चार दिवसांत संपली. ही चूक अजून सलते.

नाव का टिकलं, तेही बघा. वेरूळवरचा मॅलेटचा लेख 'एशियाटिक रिसर्चेस'च्या सहाव्या खंडात छापला गेला, त्यात गंगारामच्या चित्रांवरून केलेले छापे आहेत. मूळ कागद जपले गेले, नोंदी राहिल्या. येलने २०११ मध्ये या काळातल्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं. होली शॅफर या अभ्यासक बाईंनी पुढे पश्चिम भारतातल्या या चित्रकलेवर २०२२ साली मोठं पुस्तक लिहिलं. कागद मोकळा झाला की अभ्यास होतो, आणि अभ्यास झाला की नाव परत येतं.

काही जण म्हणतात, आमचाच माल नेला आणि आता आम्हालाच फुकट दिल्याचं कौतुक कसलं सांगता? हा राग मला कळतो. मोकळी फाइल म्हणजे परत आलेलं चित्र नव्हे, आणि ती मिळाली म्हणून परत मागण्याचा प्रश्न मिटत नाही. पण तो प्रश्न सुटेपर्यंत आपल्या शाळेतल्या पोराने गंगाराम बघूच नये का? वा. सी. बेंद्र्यांना महाराजांच्या विश्वसनीय चित्रासाठी परदेशी दफ्तरं आणि डच ग्रंथ धुंडाळावे लागले, तेव्हा कुठे १९३० च्या दशकात ते लोकांपुढे आलं. आज तसा शोध मोबाइलवर घेता येतो, आणि आपण फॉरवर्ड आलेलं, एआयने चेहरा गुळगुळीत केलेलं चित्र 'अस्सल, दुर्मिळ' म्हणून स्टेटसला ठेवतो. मोकळं चित्र रंगवा, बदला, हरकत नाही. पण बदललंत तर खाली तसं लिहा. नाहीतर आपणही ती पिवळी बाईच तयार करतोय.

आणि आपल्या घरचं काय? केंद्र सरकारचं 'म्युझियम्स ऑफ इंडिया' हे संकेतस्थळ आहे, त्यामागची 'जतन' ही प्रणाली आपल्या पुण्याच्याच सी-डॅकने बनवली. म्हणजे तंत्र आपल्याकडे आहे. पण बघायला देणं वेगळं आणि छापता येईल अशी फाइल बिनशर्त देणं वेगळं. महाराष्ट्रात गावोगावी संग्रहालयं आहेत. औंधचं आहे, पुण्यात आहेत, कोल्हापूर-नागपुरात आहेत. खर्च कुठून काढायचा, ही त्यांची अडचण खरी आहे. पण फाइल विकून संग्रहालय चालत नाही. सायमन टॅनर यांनी २००४ मध्ये अमेरिकेतल्या संग्रहालयांचा अभ्यास केला, तेव्हा सगळा खर्च धरून या विक्रीतून खरा नफा कमावणारं कुणी त्यांना सापडलं नव्हतं. तिकडच्या श्रीमंतांना जे जमलं नाही, ते आपल्या तालुक्याच्या संग्रहालयाला पावती फाडून जमणार आहे का?

सुरुवात लहान करता येईल. हक्काची मुदत संपलेली शंभर चित्रं निवडायची, नीट स्कॅन करायची, मराठीत नाव-साल-क्रमांक लिहायचे आणि 'घ्या, वापरा, फक्त नाव द्या' म्हणून ठेवून द्यायची. कुठल्या संस्थेच्या विश्वस्त मंडळावर तुमच्या ओळखीचं कुणी असेल तर पुढच्या सभेत हा विषय काढायला सांगा. स्कॅनिंगला बसायला आमच्यासारखे रिकामटेकडे पुष्कळ मिळतील.

आमच्या समितीने काय केलं ते सांगून थांबतो. येलची फाइल उतरवली, दोन फूट रुंद छापून घेतली आणि शाळेच्या जिन्यात लावली. छपाई आणि चौकट मिळून खर्च साडेसहा हजारांच्या पाव हिश्श्याएवढाही आला नाही. खाली मराठीत पाटी आहे: 'पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा. चित्रकार गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट, पुणे.' स्मरणिकेतली चूक दुरुस्त करणारी चिठ्ठी माजी विद्यार्थ्यांच्या पुढच्या पत्रकासोबत गेली.

परवा पाचवीतल्या एका मुलाने पाटी वाचून बाईंना विचारलं, "हे तांबट कुठे राहायचे?" बाईंनी मला विचारलं. मला उत्तर माहीत नाही. पण प्रश्न आता 'कुठला साहेब' असा राहिला नाही, तांबटांचा झालाय.